एक्सेलमध्ये आधार क्रमांकाचा ‘ई+११’ का होतो? समजून घ्या

विद्यार्थ्यांची यादी असो वा एखाद्या योजनेच्या लाभार्थ्यांची, एक्सेलमध्ये १२ अंकी आधार क्रमांक टाइप करून एंटर दाबलं की अनेकदा भलतंच काही दिसतं. समजा, १२३४५६७८९०१२ टाकलं, तर समोर येतं १.२३४५७ई+११. ‘ई’ म्हणजे एरर, असं अनेकांना वाटतं. तसं नाही. पण तिकडे दुर्लक्ष केलं, तर खरी चूक होऊ शकते.

‘ई’ म्हणजे काय?

इंग्रजी ‘ई’ म्हणजे एक्स्पोनंट, मराठीत घातांक. ई+११ म्हणजे आधीच्या संख्येला १० च्या ११व्या घाताने गुणा, अर्थात दशांशचिन्ह ११ घरं उजवीकडे न्या. ई-७ असेल तर ७ घरं डावीकडे. हीच सायंटिफिक नोटेशन. सूर्य सुमारे १५ कोटी किलोमीटर दूर आहे, ते झालं १.५ई+८. करोना विषाणूचा व्यास सुमारे ०.००००००१ मीटर, म्हणजे १ई-७. शून्यं मोजत बसायला नको.

आपल्यालाही घात नवे नाहीत. लाख म्हणजे १० चा ५वा घात, कोटी ७वा, अब्ज ९वा. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तली यादी तर १७व्या घातापर्यंत, परार्धापर्यंत जाते.

मग बिघडतं कुठे?

अंतर, वजन, लोकसंख्या या संख्या आहेत. त्यात शेवटचे अंक गाळले तरी अंदाज चुकत नाही. आधार किंवा बँक खाते हे मात्र क्रमांक आहेत. त्यात एक अंक बदलला की माणूसच बदलतो. मराठीत दोन्हींना वेगळे शब्द आहेत. एक्सेलला हा फरक आपोआप कळत नाही.

१२ अंकी क्रमांक नुसता तसा दिसतो, आत पूर्ण असतो. पण त्याच अवस्थेत फाइल ‘सीएसव्ही’ म्हणून सेव्ह केली, तर दिसतं तेवढंच साठतं. पुन्हा उघडल्यावर हाती येतं १२३४५७००००००. खाते क्रमांक १६ अंकी असेल तर धोका आणखी मोठा. एक्सेल १५ अंकच अचूक ठेवतं, सोळाव्या जागी शून्य बसतं. सुरुवातीची शून्यंही गळतात. फॉरमॅट नंतर बदलून गेलेला अंक परत येत नाही.

उपाय काय?

• क्रमांक टाकण्याआधी पूर्ण कॉलम निवडून फॉरमॅट ‘टेक्स्ट’ करा.
• एकच क्रमांक असेल तर आधी एकेरी अवतरणचिन्ह टाइप करा.
• ‘ई+’ दिसणारी फाइल पुढे पाठवू नका. मूळ कागदाशी ताडून पाहा.

हे सगळं दर वेळी टाइप करणाऱ्याने लक्षात ठेवावं, ही अपेक्षा मात्र योग्य नाही. माहिती मागवणाऱ्या कार्यालयानेच कॉलम ‘टेक्स्ट’ केलेला तयार नमुना पाठवायला हवा. ते दोन मिनिटांचं काम आहे. ते राहिलं, तर एका अंकासाठी एखाद्याचे पैसे अडकतात आणि हेलपाटे त्यालाच घालावे लागतात.