काढ्याचीही नोंद हवी

रात्री अडीच-तीनच्या सुमारास डाव्या पोटरीत गोळा यायचा. पोटरी दगडासारखी घट्ट व्हायची आणि मी पलंगाच्या कडेला बसून दोन्ही हातांनी चवडा ताणत राहायची. हे आठवड्यातून तीन-तीनदा व्हायला लागलं, तेव्हा घराजवळच्या हाडांच्या डॉक्टरांकडे गेले. ही गोष्ट २०१९ सालची. मी जपानमधल्या मात्सुमोतो शहरात राहते आणि यंत्रांच्या माहितीपुस्तिकांची भाषांतरं करते. दिवसातले नऊ तास खुर्चीत जातात.

डॉक्टरांनी पाय तपासला, रक्तदाब मोजला, रक्त घेतलं आणि म्हणाले, "६८ नंबर देतो." पुडीवर छापलेला तो नंबर इथे डॉक्टरांच्या आणि रुग्णांच्याही तोंडी असतो. औषधाचं नाव शाकुयाकु-कान्झो-तो. त्यात वस्तू दोनच, पिओनी या फुलझाडाचं मूळ आणि आपला ज्येष्ठमध, दोन्ही समभाग. सुमारे अठराशे वर्षांपूर्वीच्या चिनी वैद्यकग्रंथातला हा काढा. आता त्याचा अर्क वाळवून दाणे करतात आणि अडीच ग्रॅमच्या पुडीत भरतात.

पुडी लिहून देताना डॉक्टर म्हणाले, "रोज तीन वेळा घेऊ नका. गोळा आला तरच एक पुडी घ्या. पाय सुजले, हातापायांतली शक्ती गेल्यासारखी वाटली, तर औषध थांबवा आणि लगेच या. ज्येष्ठमध असलेलं दुसरं काही घेता का?" मी म्हटलं, चहात घालते कधीकधी. त्यांनी तेही लिहून घेतलं. मग एक कागद पुढे केला. त्यावर चालण्याचा व्यायाम लिहिलेला होता, तीन मिनिटं सावकाश, तीन मिनिटं भरभर, असं पाच वेळा. "पुडीने आजचा गोळा जाईल. पाय सुधारायचे असतील, तर हा कागद."

खाली औषधाच्या दुकानात फार्मासिस्टबाईंनी माझ्या 'ओकुसुरी-तेचो'मध्ये चिठ्ठी चिकटवली. ओकुसुरी-तेचो म्हणजे औषधांची वही. तळहाताएवढी असते आणि प्रत्येकाकडे आपापली असते. कुठल्याही डॉक्टरने लिहिलेलं औषध, तारीख, मात्रा, सगळं तिच्यात क्रमाने चिकटत जातं. पित्ताची गोळी आणि ज्येष्ठमधाची पुडी एकाच पानावर.

त्या वहीचं मोल मला दोन वर्षांनी कळलं.

माझे बाबा वाईला असतात. शाळेत पीटीचे सर होते. पंचाहत्तरीतही रोज बारा सूर्यनमस्कार घालणारा माणूस. करोनाच्या काळात घरोघर काढे सुरू झाले, तसा आमच्याकडेही झाला. तुळस, सुंठ, मिरी, दालचिनी आणि गोडव्यासाठी भरपूर ज्येष्ठमध. साथ ओसरली तरी बाबांचा काढा थांबला नाही. दिवसातून तीन वेळा, वर्षभर. त्याच्या जोडीला रक्तदाबाची, लघवी वाढवणारी गोळी चालू होतीच. एके दिवशी गणपती घाटाच्या पायऱ्यांवरून त्यांना उठताच येईना. पाय सुजलेले, रक्तदाब १९०. रुग्णालयात नेलं. रक्तातलं पोटॅशियम फार खाली गेलं होतं. ते सलाइनमधून भरलं, गोळ्या बदलल्या, घरी सोडलं. दहा दिवसांनी पुन्हा तेच.

भावाने फोनवर लक्षणं सांगितली आणि मला मात्सुमोतोतल्या डॉक्टरांचा प्रश्न आठवला. "बाबा, काढ्यात ज्येष्ठमध किती घालता?" ते म्हणाले, "अगं, दोन कांड्या. औषधी आहे ना तो." काढा बंद केला. तीन आठवड्यांत पायांची सूज उतरली, रक्तदाब ताळ्यावर आला. ज्येष्ठमधातल्या ग्लिसिरायझिनमुळे शरीर मीठ आणि पाणी धरून ठेवतं आणि पोटॅशियम बाहेर टाकतं. लघवी वाढवणारी गोळीही पोटॅशियम बाहेर काढते. दोन्ही एकाच दिशेने ओढत होते. दोन वेळा दाखल झालेल्या माणसाला 'काढा घेता का' एवढं कुणीही विचारलं नाही. ज्येष्ठमधाच्या पाकिटावर सावधगिरीची एक ओळ नव्हती. बाबांची गोळी आणि बाबांचा काढा एका टेबलावर कधी आलेच नाहीत.

म्हणून हे लिहिते आहे. जपानच्या वनौषधींबद्दल आपल्याकडे कौतुकाने बोललं जातं, पण ते प्राचीनतेचं असतं. माझ्या मते तिथून घेण्यासारखी गोष्ट दुसरीच आहे. जुन्या औषधाला तिथे औषध मानतात. म्हणजे त्याची मात्रा ठरते, त्याचा अपाय नोंदला जातो आणि ते फसलं तर फसलं असं छापलं जातं.

जपानच्या या पारंपरिक वैद्यकाला काम्पो म्हणतात. आधुनिक होण्याच्या ओढीत जपानने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस काम्पोच्या वैद्यांची वाट बंद केली. डॉक्टरकीचा परवाना पाश्चात्त्य वैद्यक शिकलेल्यालाच. वैद्यांनी लढा दिला, पण १८९५ साली संसदेने त्यांची मागणी फेटाळली. त्यातून एक अनपेक्षित गोष्ट घडली. पुढच्या पिढ्यांत ज्यांनी काम्पो जिवंत ठेवलं, ते डॉक्टरच होते. आजही काम्पोची वेगळी पदवी नाही. १९६७पासून ही औषधं आरोग्य विम्यात येऊ लागली, १९७६ साली त्यांची संख्या एकदम वाढली आणि आज १४८ काढे विम्यात आहेत. २००१पासून वैद्यकीय अभ्यासक्रमातही काम्पो आहे. आतड्याच्या शस्त्रक्रियेनंतर सर्जन १०० नंबरचा दाइकेन्चुतो लिहून देतो. त्यात सुंठ, जिनसेंग आणि सान्शो असतात. सान्शो म्हणजे कोकणात बांगड्याच्या कालवणात पडणाऱ्या तिरफळाचा सख्खा चुलतभाऊ. पहिल्यांदा त्याचा वास घेतला, तेव्हा माझ्या तोंडाला पाणी सुटलं होतं. पण तिथे त्याची मात्रा ठरलेली असते आणि आतड्याच्या हालचालीवर त्याचा परिणाम होतो का, हे मोजलेलं असतं.

हे चित्र डागविरहित नाही. १९७६ साली ही औषधं मोठ्या संख्येने विम्यात आली, ती रुग्णांवरच्या चाचण्यांशिवाय. तेव्हाचे जपान मेडिकल असोसिएशनचे अध्यक्ष ताकेमी तारो यांचं वजन त्यामागे होतं. कच्च्या मालासाठी जपान बहुतांशी चीनवर अवलंबून आहे. पण पुढे जपानने ही उणीव झाकली नाही. १९९१ साली सरकारने आठ काढे फेरतपासणीसाठी निवडले. माझा ६८ नंबर त्यांतलाच एक. यकृताच्या सिरोसिसमध्ये रुग्णांना पेटके येतात. अशा रुग्णांपैकी काहींना खरी पुडी दिली, काहींना तशीच दिसणारी खोटी. कुणाला कोणती, हे रुग्णालाही ठाऊक नव्हतं आणि डॉक्टरलाही. काढ्याचा वास आणि चव लपवणं किती अवघड, हे काढा उकळणाऱ्या कुणालाही कळेल. त्या परीक्षेत ही पुडी उतरली, तेव्हा कुठे तिच्याबद्दल खात्रीने बोलता आलं.

त्याच आठांत शो-साइको-तो हा काढाही होता. जुनाट हेपॅटायटिसच्या रुग्णांना तो सर्रास दिला जाई. १९९४पासून इंटरफेरॉन या औषधासोबत तो देऊ नये असं ठरलं, तरी फुप्फुसं सुजण्याच्या घटना येतच राहिल्या. मार्च १९९६मध्ये सरकारने तातडीचा इशारा काढला. असे इशारे तिथे पिवळ्या कागदावर छापून डॉक्टरांना पाठवतात. त्यात ८८ रुग्णांना न्यूमोनिया आणि १० मृत्यू, अशी नोंद होती. शतकानुशतकांचा काढा, लोकांचा विश्वास, मोठा खप, यातलं काहीही त्या कागदाच्या आड आलं नाही.

१०७ नंबरचा गोशा-जिन्की-गान म्हातारपणीच्या पायदुखीवर, बधिरपणावर देतात. ओसाका विद्यापीठातल्या संशोधकांनी तो लवकर म्हातारे होणाऱ्या उंदरांना दिला, तेव्हा त्यांच्या स्नायूंची झीज कमी झाल्याचं दिसलं. आपल्याकडे एवढ्यावर 'स्नायूंची संजीवनी' म्हणून डबे विकले गेले असते. तिथे त्याच पुडीची दुसरी परीक्षा माणसांवर झाली. कर्करोगाच्या ऑक्सॅलिप्लॅटिन या औषधाने हातपाय बधिर होतात. ते १०७ नंबरने टळेल, अशी आशा होती. १८२ रुग्णांवर चाचणी झाली आणि मध्येच पडताळणी केली, तर पुडी घेणाऱ्यांमध्ये त्रास उलट जास्त दिसला. चाचणी थांबवली आणि २०१५ साली निकाल छापला. कर्करोगाच्या रुग्णाला या पुडीचा आधार आहे असं सांगत राहणं किती सोपं होतं! ते सोपं काम त्यांनी केलं नाही.

खेळाडूंच्या बाबतीत हा काटेकोरपणा आणखी ठळक दिसतो. सर्दीवरचा १ नंबर, काक्कोन्तो, यात माओ ही वनस्पती असते. नागाई नागायोशी या जपानी रसायनशास्त्रज्ञाने १८८५ साली तिच्यातून एफेड्रिन वेगळं काढलं. तेच एफेड्रिन स्पर्धेच्या काळात ठरावीक मर्यादेपलीकडे लघवीत सापडलं, तर ते उत्तेजक ठरतं. म्हणून २००९पासून जपानमध्ये खेळाडूंना सल्ला देणारे खास प्रशिक्षित फार्मासिस्ट आहेत. 'झाडपाल्याचं आहे, चालतं' हे वाक्य आमच्या गावच्या तालमीत मी किती वेळा ऐकलं आहे! पावडरच्या डब्यात काय आहे, हे विचारायला आपल्या पोरांजवळ कोण आहे?

आता तो चालण्याचा कागद. तो माझ्याच शहरातला आहे. मात्सुमोतोच्या शिन्शु विद्यापीठात प्राध्यापक नोसे हिरोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सरासरी त्रेसष्ट वर्षांच्या २४६ स्त्री-पुरुषांना घेऊन पाच महिने अभ्यास केला. एक गट नेहमीसारखाच राहिला. दुसरा आठवड्यातून किमान चार दिवस मध्यम गतीने, दिवसाला आठ हजारांवर पावलं चालला. तिसरा तीन मिनिटं सावकाश आणि तीन मिनिटं भरभर, असा आठवड्यातून चार दिवस चालला. २००७ साली निकाल आला. तिसऱ्या गटात मांडीच्या पुढच्या स्नायूंची ताकद १३ टक्के आणि मागच्या स्नायूंची १७ टक्के वाढली, रक्तदाबही उतरला. नुसती पावलं मोजणाऱ्यांना असा लाभ झाला नाही. यातली मोठी गोष्ट अशी की, दहा हजार पावलांचा मंत्रही जपाननेच जगाला दिला होता, १९६५ सालच्या 'मान्पो-केइ' या पाऊलमापकातून. आपलाच मंत्र त्यांनी तपासायला घेतला. जुन्या काढ्याला लावलेली फूटपट्टी लोकप्रिय व्यायामालाही लावली.

मी तो कागद पाळला. पहिल्या आठवड्यात तिसऱ्या मिनिटाला धाप लागायची. तीन महिन्यांनी गोळे महिन्यातून एखाददुसरे राहिले. कपाटातल्या पुड्यांची तारीख उलटून गेली.

हे सगळं परकं आहे, आपल्याला जमणारं नाही, असं कुणी म्हणू नये. १९४९ साली मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधा रक्तदाबाच्या ५० रुग्णांना देऊन त्याची नोंद ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये प्रसिद्ध केली आणि जगाचं लक्ष या मुळीकडे गेलं. पुढे तिच्यातल्या रेसर्पिनमुळे काहींना नैराश्य येतं, हेही नोंदलं गेलं. सर्पगंधेचा मान त्याने कमी झाला नाही, ती कुणाला द्यावी आणि कुणाला देऊ नये हे कळलं. उलट २०२१ साली मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृताला झालेल्या इजेची नोंद प्रसिद्ध केली, तेव्हा आयुष मंत्रालयाने ती दिशाभूल करणारी ठरवली. शंका होती, तर मोठा अभ्यास हाती घ्यायचा होता. तोच आयुर्वेदाचा सन्मान ठरला असता.

माझं मागणं फार मोठं नाही. दुकानात मिळणाऱ्या प्रत्येक काढ्यावर, चूर्णावर मात्रा छापा आणि कुणी घेऊ नये हे मराठीत छापा. आयुष औषधांचे अपाय नोंदवण्याची यंत्रणा आपल्याकडे आहे, ती तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत पोहोचवा. डॉक्टरांनी काढ्याबद्दल विचारावं, वैद्यांनी गोळ्यांबद्दल विचारावं, आणि दोघांपैकी कुणीही त्यावरून रुग्णाला रागावू नये. रागावलं की माणूस लपवतो. आणि औषधाच्या चिठ्ठीवर व्यायामही मिनिटांत लिहा. 'चालत जा' या दोन शब्दांनी कुणी चालायला लागत नाही.

गेल्या दिवाळीत वाईला गेले, तेव्हा बाबांना शंभर पानी वही आणून दिली. त्यांनी तिला शाळेच्या हजेरीपुस्तकासारखे रकाने आखले. तारीख, काय घेतलं, किती, कुणी सांगितलं. पहिल्या पानावर रक्तदाबाची गोळी आहे, त्याखाली आईच्या हातचा सुंठीचा काढा, अर्धा कप. शेवटचा रकाना त्यांनी स्वतःहून वाढवला आहे. मेणवलीच्या रस्त्याला किती वेळा भरभर चाललो, ते त्यात रोज लिहितात. मी परत निघाले त्या सकाळी त्यात पाच होते.