झेल एका सेकंदाचा, मैदान मात्र रोजचं

२ नोव्हेंबर २०२५ ची रात्र आठवतेय ना? आठवणारच. मध्यरात्र जवळ आली होती, दुसऱ्या दिवशी सोमवार होता, शाळा-ऑफिस होतं, तरी आमच्या सोसायटीत जवळजवळ प्रत्येक खिडकीत टीव्हीचा उजेड दिसत होता. सामना तर आपल्याच नेरुळला. डी. वाय. पाटील स्टेडियममधला आवाज आधी टीव्हीवर ऐकू येतोय की खिडकीतून, हेच कळत नव्हतं.

४२ वं षटक. लॉरा वोल्व्हार्डचं शतक झालेलं. ती उभी होती तोवर सामना दक्षिण आफ्रिकेचाही होता. दीप्ती शर्माच्या चेंडूवर तिने उंच फटका मारला. डीप मिडविकेटवरून अमनजोत कौर धावत आली. चेंडू हातात आला, निसटला. पुन्हा धरला, पुन्हा निसटला. आणि तिसऱ्या वेळी, तोल जात असताना, एका हातात राहिला. आमच्याकडे तेवढ्या वेळात कुणी श्वास घेतला असेल असं वाटत नाही. धावफलक ७ बाद २२०. नंतर हरमनप्रीतने शेवटचा झेल घेतला, आफ्रिका २४६ वर संपली, आपण ५२ धावांनी जिंकलो. पण विश्वचषक हातात आला तो त्या तिसऱ्या प्रयत्नात, असं माझं ठाम मत आहे.

फटाके चालू असतानाच न्यू जर्सीहून भाच्याचा मेसेज आला. तिकडे रविवारची दुपार. "मावशी, हा तर आमचा टायरी कॅच झाला!"

मला काही कळलं नाही. मग त्याने व्हिडिओ पाठवला, आणि दोन-तीन दिवस मी त्या अमेरिकन फुटबॉलच्या नादाला लागले. (आपला फुटबॉल नव्हे. लांबट चेंडू, हेल्मेट आणि एकमेकांच्या अंगावर धडाधड आदळणारी धिप्पाड माणसं, तो.) त्यांची फायनल म्हणजे सुपर बोल. ३ फेब्रुवारी २००८ ला न्यू यॉर्क जायंट्ससमोर होते न्यू इंग्लंड पेट्रियट्स, त्या मोसमात ओळीने १८ सामने जिंकून आलेले. शेवटचं मिनिट-सव्वा मिनिट उरलं होतं, जायंट्स मागे होते. चेंडू फेकणाऱ्या इलाय मॅनिंगचा शर्ट विरोधकांनी धरला होता, तरी तो कसाबसा सुटला आणि त्याने चेंडू लांब भिरकावला. डेव्हिड टायरी नावाच्या खेळाडूने उंच उडी मारली आणि चेंडू एका हाताने चक्क स्वतःच्या हेल्मेटवर दाबून धरला. विरोधी खेळाडू त्याच्या हाताला झोंबत होता, दोघं जमिनीवर आदळले, चेंडू काही सुटला नाही. थोड्याच वेळात जायंट्स १७-१४ ने जिंकले.

पण मला व्हिडिओपेक्षा त्यामागची गोष्ट जास्त आवडली. हा टायरी काही स्टार नव्हता. त्या मोसमातल्या साखळी सामन्यांत मिळून त्याने पकडलेले पास किती, तर चार. फायनलच्या दोन दिवस आधीच्या सरावात तर त्याच्या हातून चेंडू सारखे सुटत होते.

त्याच मैदानावर सात वर्षांनी, १ फेब्रुवारी २०१५ ला, आणखी एक फायनल झाली. सिएटलचा संघ विजयापासून फक्त एक यार्ड लांब होता. २० सेकंद बाकी. त्यांनी पास फेकला आणि माल्कम बटलर मध्येच झेपावून तो घेऊन गेला. हा मुलगा इतका अनोळखी, की खेळाडूंच्या वार्षिक निवडीत त्याला कुठल्याच संघाने घेतलं नव्हतं. गंमत म्हणजे फायनलच्या तयारीत त्याच्यावर नेमका हाच डाव टाकून पाहिला होता आणि तेव्हा तो चुकला होता. प्रशिक्षकांनी ते त्याच्या लक्षात आणून दिलं. फायनलला तो चुकला नाही.

हे मी का सांगतेय? कारण आपण फायनलमधला क्षण पाहतो, रील करतो, स्टेटसला ठेवतो आणि म्हणतो, "नशीब बघा!" नशीब असतंच. पण चेंडू तिसऱ्यांदा हातात राहतो, त्याआधी तो हजार वेळा कुठल्यातरी मैदानावर हातातून सुटलेला असतो. मैदानाशिवाय चुकायची सोयच नाही. आणि चुकायची सोय नसेल तर शिकणार कुठे?

आता आपल्या पोरींकडे बघा. शफाली वर्मा मुळात या विश्वचषकाच्या संघातच नव्हती. प्रतिका रावलला २६ ऑक्टोबरला आपल्याच नेरुळच्या मैदानावर दुखापत झाली, तेव्हा शफालीला बोलावणं गेलं. ती त्या वेळी देशातली टी-ट्वेंटी स्पर्धा खेळत होती. वर्षभर एकही आंतरराष्ट्रीय वनडे खेळलेली नाही, आणि आली ती फायनलमध्ये ७८ चेंडूंत ८७ करून गेली. वर दोन बळी. ही शफाली रोहतकला लहान असताना मुलींना अकादमीत घेत नव्हते म्हणून केस कापून, मुलगा बनून खेळली होती.

दीप्ती शर्माने फायनलमध्ये ५८ धावा केल्या आणि ५ बळी घेतले. तिची सुरुवात? आग्र्यात भावाचा सराव बघायला गेली होती. चेंडू तिच्याकडे आला, तिने लांबून फेकला तो थेट स्टंपवर. आपल्या सांगलीची स्मृती मानधना भावाला खेळताना बघून बॅटकडे वळली, आणि नऊ वर्षांची असताना महाराष्ट्राच्या १५ वर्षांखालच्या संघात पोचली. कांदिवलीची राधा यादव वस्तीतल्या मुलांबरोबर खेळत मोठी झाली. आणि जेमिमा रॉड्रिग्ज, जिने सेमीफायनलला ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद १२७ करून ३३९ चं लक्ष्य गाठून दिलं, तिच्या घरच्यांनी तर भांडुपचं घर सोडून वांद्रे गाठलं. कशासाठी? खेळायला चांगली सोय मिळावी म्हणून.

एक गोष्ट लक्षात आली का? यातली एकही मुलगी पुढच्या दाराने आलेली नाही. कुणी भावाच्या मैदानावरून आली, कुणी मुलाचे कपडे घालून आली, कुणासाठी घरच हललं. आपण ज्याला "प्रेरणादायी कहाणी" म्हणतो ती खरं तर व्यवस्थेची लाज आहे. जिंकल्यावर राज्य सरकारने स्मृती, जेमिमा आणि राधा यांना प्रत्येकी २.२५ कोटी दिले. दिले ते उत्तमच, त्यांनी ते कमावले आहेत. पण बक्षीस शेवटी येतं. मैदान सुरुवातीला लागतं.

आणि आता आपल्या नवी मुंबईबद्दल.

फायनल आपल्याकडे झाली याचा आपल्याला केवढा अभिमान! पण ती आपल्याकडे आली कशी, तेही विसरू नये. ४ जून २०२५ ला बंगळूरच्या स्टेडियमबाहेर आयपीएलच्या विजयोत्सवात चेंगराचेंगरी झाली, ११ जण गेले. त्यानंतर तिथले विश्वचषकाचे सामने आपल्याकडे वळवले. म्हणजे ही संधी आपल्याला दुसऱ्यांच्या दुःखातून मिळाली. तिचं आपण काय केलं?

मी काय पाहिलं ते सांगते. फायनलच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आमच्या सेक्टरच्या मैदानात सात-आठ मुली बॅट घेऊन आल्या. दहा-बारा वर्षांच्या. मी इथे वीस वर्षं राहतेय, असं दृश्य पहिल्यांदा पाहिलं. मोठी मुलं खेळत होती. ती म्हणाली, "आमची मॅच चालूय, तिकडे कडेला खेळा." कडेला म्हणजे आदल्या कार्यक्रमाच्या मंडपाचे खड्डे आणि कुठे कुठे राहिलेले खिळे. तरी त्या खेळल्या. आठवडाभर रोज आल्या. मग मैदानात पुन्हा मंडप उभा राहिला. मुली आल्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये. एका गाडीच्या आरशाला चेंडू लागला, मिटिंगमध्ये विषय निघाला आणि दुसऱ्या दिवशी बोर्ड लागला: 'येथे खेळण्यास सक्त मनाई.' बोर्ड लावणाऱ्या कमिटीतल्या निम्म्या लोकांच्या डीपीला तेव्हा हरमनप्रीतचा ट्रॉफीसह फोटो होता. आणि मीही त्या मिटिंगमध्ये गप्प बसले होते, हे कबूल करते.

आता त्या मुली खेळत नाहीत. दोघी-तिघी खाली बाकावर मोबाइल बघत बसलेल्या दिसतात. मग आपणच म्हणणार, हल्लीची मुलं स्क्रीन सोडत नाहीत.

मला माहितीये, कमेंटमध्ये काय येणार. "मॅडम, मुलांनाच मैदान नाही, तुम्ही मुलींचं काय घेऊन बसलात?" बरोबर आहे, मुलांनाही अपुरंच आहे. पण अपुरी गोष्ट वाटताना कुणाच्या वाट्याला शून्य येतं, ते बघा. मुलगा कडेला ढकलला गेला तरी मैदानात राहतो. मुलगी कडेला ढकलली की घरी जाते. "अंधार पडला, चल वर," हे आपण मुलीला जितक्या लवकर म्हणतो तितक्या लवकर मुलाला म्हणतो का? प्रामाणिकपणे सांगा.

दुसरी कमेंट: "मंडप काय वर्षभर असतो का?" नसतो. पण उभारणी, कार्यक्रम, उचलाउचल आणि नंतरचे खड्डे धरा, मग मोजा. आणि कार्यक्रमांना माझा विरोध नाही, मीही आरतीला जाते. कार्यक्रम झाल्यावर मैदान होतं तसं करून द्या, एवढंच म्हणणं.

मुंबईचं क्रिकेट कुठे घडलं? आझाद मैदान, क्रॉस मैदान, शिवाजी पार्क. स्टेडियम नंतर आली. आपल्या या संघाचे कोच अमोल मुझुमदार १९८८ मध्ये शाळेचा मुलगा म्हणून पॅड बांधून बसून राहिले होते, कारण समोर तेंडुलकर आणि कांबळी ६६४ धावांची भागीदारी करत होते. पुढे प्रथम श्रेणीत ११ हजारांवर धावा करूनही त्यांना भारताकडून खेळायला मिळालं नाही. पण मैदान होतं म्हणून ते खेळात राहिले, आणि ३७ वर्षांनी नेरुळला त्यांच्या संघाने कप उचलला. आपल्याकडे उलटं झालंय. सिडकोने आखलेलं, नियोजित म्हणून मिरवणारं शहर, जागतिक दर्जाचं स्टेडियम, आणि त्या स्टेडियमपासून चालत जाण्याच्या अंतरावर राहणाऱ्या मुलीला टेनिस बॉल खेळायला जागा नाही.

म्हणून माझ्या चार मागण्या. एकीलाही कोट्यवधी लागत नाहीत.

एक, प्रत्येक सेक्टरच्या मैदानात आठवड्यातून तीन संध्याकाळी दोन-दोन तास फक्त मुलींसाठी राखून ठेवा. तसा बोर्ड लावा. 'मनाई'चे बोर्ड खूप झाले.

दोन, मैदानावर दिवे, आणि आत जाता येईल असं स्वच्छतागृह. हे नसेल तर आई मुलीला पाठवत नाही, इतकी साधी गोष्ट आहे.

तीन, मैदान कार्यक्रमाला दिलं तर अनामत रक्कम घ्या, आणि खड्डे बुजवून खिळे काढल्याशिवाय ती परत करू नका.

चार, पालिकेच्या शाळांची मैदानं शाळा सुटल्यावर मुलींच्या सरावासाठी उघडा. कुलूप लावून ठेवलेल्या मैदानाचा कुणाला काय उपयोग?

आणि पाचवी मागणी आपल्याच सोसायट्यांकडे. पार्किंगमधला बोर्ड काढता येत नसेल तर नका काढू. पण रोज संध्याकाळी एक मोठं माणूस आळीपाळीने मैदानात जाऊन बसू द्या. मी सोमवार आणि गुरुवार घेतला आहे. मागच्या मिटिंगमधलं गप्प बसणं तेवढ्याने फिटत नाही, पण सुरुवात तर होईल.

पुढच्या वेळी नेरुळला फायनल होईल तेव्हा आपण पुन्हा तिकिटांसाठी धावू, निळे टी-शर्ट घालू, आनंदाने रडू. सगळं करू. पण मैदानात उतरलेल्या अकरा जणींत एकही नवी मुंबईची नसेल, तर तो आनंद आपण फक्त भाड्याने घेतलेला असेल.

तुमच्या सेक्टरच्या मैदानात आज संध्याकाळी सहा वाजता किती मुली खेळत होत्या? जाऊन बघा, मोजा आणि सेक्टरच्या नावासकट खाली लिहा. शून्य असेल तरी लिहा. हे आकडे घेऊन आपण वॉर्ड ऑफिसला जाऊ. मी येते, तुम्ही या.