फुलपाखरू फ्रिजमध्ये ठेवणाऱ्यांस

फुलपाखराचा जवळून फोटो हवा असेल तर त्याला दहा मिनिटे फ्रिजमध्ये ठेवा, हा सल्ला यंदा मी तिसऱ्यांदा ऐकला. गारठले की उडत नाही. मग ठेवा फुलावर आणि काढा फोटो! वर विचारतात, "गुरुजी, मरत थोडंच आहे?"

मंडळी, माझा पहिला आक्षेप असा की हा फोटोच खोटा. फुलावर आलेले फुलपाखरू सोंड लांब करून मध पीत असते. यांचे नुसते डिंकाने चिकटवल्यासारखे दिसते. शिवाय चिमटीत धरले की पंखांवरचे खवले बोटाला लागतात, ते पुन्हा उगवत नाहीत. (रंग म्हणतो तो या खवल्यांचाच.) आणि गरज तरी काय? फुलपाखराच्या अंगात आपल्यासारखी ऊब नसते. सकाळी वाडीत जाऊन बघा, पंख पसरून ऊन खात बसलेले असते. फ्रिजचे काम रात्रीच्या गारव्याने फुकटात केलेले! फक्त लवकर उठावे लागते, आणि तिथेच घोडे पेंड खाते.

पतंगांचे हाल तर याहून वाईट. आपल्या सह्याद्रीतला तो तळहाताहून मोठा अॅटलास पतंग घ्या. त्याला खाता येईल असे तोंडच नसते. सुरवंट असताना साठवले त्यावर आठवडा-दीड आठवडा काढायचा, जोडी जमवायची, अंडी घालायची, संपले. मादी एका जागी बसून गंध सोडते आणि नर अंधारात त्या वासावर येतो. तिला 'उद्या उजेडात फोटो काढू' म्हणून डब्यात कोंडायचे? तिच्या मोजक्या रात्रींतली एक तुम्ही खाल्लीत.

आणखी एक ढोंग. २०१५ साली ब्लू मॉरमॉन, म्हणजे राणी पाकोळी, आपले राज्य फुलपाखरू झाले. फोटो सगळ्यांना हवा. पण त्याचे सुरवंट लिंबाच्या जातीच्या झाडांवर वाढतात, आणि इथे विरारच्या सोसायट्यांत कुंडीतल्या लिंबाचे पान कुरतडलेले दिसले की लगेच फवारा! लिंबाळी फुलपाखराचा लहान सुरवंट तर पक्ष्याच्या विष्ठेसारखा दिसतो, तो पुसूनच टाकतात. घोडबंदर रोडला ओवळेकर वाडीत जाऊन या. तिथे फुलपाखरे जमली ती सुरवंटांना खायला झाडे लावली म्हणून.

आमच्या गॅलरीतल्या कढीलिंबाला सध्या पाने कमीच आहेत. फोडणीसाठी सूनबाई बाजारातून जुडी आणते.