बावन्न वजा अडतीस बरोबर सव्वीस

तिसरी-चौथीच्या मुलांना ५२ − ३८ करायला सांगा. दोन-चार वह्यांत २६ हे उत्तर हमखास सापडेल. हा निष्काळजीपणा नव्हे. आठातून दोन गेले सहा, पाचातून तीन गेले दोन. ‘मोठ्यातून लहान वजा करायचं’ हा नियम त्या मुलानं कुठूनतरी उचललाय आणि तो ते इमानदारीत पाळतंय. आता त्याला हातच्याच्या वजाबाकीचा झकास व्हिडिओ दाखवा. काड्यांचा गठ्ठा सुटतो, दहा काड्या नाचत एककाच्या घरात जातात, संगीत वाजतं. मूल मजेत बघतं आणि पुढच्या ७१ − ४५ ला ३४ लिहितं. त्याच्या डोक्यातला नियम व्हिडिओला कोणी सांगितलेलाच नसतो.

आमच्या धंद्यात याला बग म्हणतात. बग सापडला की आम्ही प्रोग्रामला मोठ्या आवाजात मॅन्युअल वाचून दाखवत नाही. तो नेमका कुठल्या ओळीवर घसरतोय ते शोधतो. शिक्षणाचं तंत्रज्ञान विकणाऱ्यांत माझ्यासारखे इंजिनिअर भरपूर आहेत. एवढी साधी गोष्ट ते शाळेच्या दारात चपलांबरोबर काढून ठेवतात की काय, कोण जाणे.

आणि ही कल्पना नवीनही नाही. १९७८ साली जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन या अमेरिकी संशोधकांनी मुलांच्या वजाबाकीतल्या अशाच चुकांवर एक निबंध प्रसिद्ध केला. वरचा २६ वाला नियम त्यांच्या यादीत आहे. त्यांच्या ‘बगी’ नावाच्या प्रोग्राममध्ये संगणक शिकवत नसे. तो चुकणारा विद्यार्थी होई. शिक्षक होऊ घातलेल्यांनी त्याला गणितं घालायची, उत्तरं बघायची आणि त्याच्या डोक्यात कुठला चुकीचा नियम बसलाय ते ओळखायचं. म्हणजे यंत्र वापरून शिक्षकाचा कान तयार करायचा. तेव्हाच्या अवजड संगणकावर हे जमत होतं. आज खिशातल्या फोनवर सहज जमेल. पण आपण विकत घेतो पडदा.

आपल्याकडे ‘डिजिटल शाळा’ म्हटलं की भिंतीवर मोठा टीव्ही किंवा प्रोजेक्टर, लोकवर्गणी नाहीतर एखाद्या कंपनीचा निधी, फीत, फोटो. खडूच्या फळ्यावर निदान मुलांना बोलावून गणित सोडवायला लावत. महागड्या फळ्याला हात लावलेला चालत नाही. सगळी हाताची घडी घालून बघत बसतात, आणि आपण त्याला कृतियुक्त अध्ययन म्हणतो!

नुसती वस्तू वाटून काय होतं हे पेरू देशानं पाहिलंय. तिथं लाखो लॅपटॉप मुलांना दिले गेले. इंटर-अमेरिकन डेव्हलपमेंट बँकेनं ३१९ ग्रामीण शाळांच्या तुलनेतून २०१२ मध्ये निष्कर्ष मांडला: गणितात आणि भाषेत फरक दिसला नाही. उलट दिल्लीत २०१५ मध्ये माइंडस्पार्क या प्रोग्रामची चाचणी झाली, तेव्हा साडेचार महिन्यांत दोन्ही विषयांत ठळक सुधारणा दिसली. त्यातली सहावीची मुलं गणितात सरासरी अडीच इयत्ता मागे होती. प्रोग्राम सहावीचं पुस्तक रेटत बसला नाही. मूल खरं कुठं उभं आहे ते शोधून तिथून प्रश्न विचारत गेला. शिवाय त्या केंद्रांत निम्मा वेळ छोट्या गटात माणूसच शिकवत होता. विक्रीच्या पत्रकात हा निम्मा वेळ कोणी छापत नाही.

आता शाळेत तंत्रज्ञान खरोखर कुठं मुरलंय ते बघा. पोषण आहाराची रोजची नोंद, यूडायस प्लस, सरल, शिवाय व्हॉट्सॲपवर ‘आजच्या आज’ मागवलेली माहिती आणि उपक्रमाचे फोटो. द्विशिक्षकी शाळेत एक गुरुजी रेंज शोधत ओट्यावर उभे, दुसऱ्या बाई चार इयत्ता सांभाळतात. मग वर्ग गप्प राहावा म्हणून टीव्ही लावावा लागतो. ॲपनं पळवलेला शिक्षक पडद्यानं भरून काढायचा, अशी ही व्यवस्था. ‘आम्हाला शिकवू द्या’ असं शिक्षक म्हणतात तेव्हा त्यांना कामचुकार ठरवणाऱ्यांनी एकदा तरी त्या फॉर्मपुढे बसावं. एकाच मुलाची तीच माहिती निरनिराळ्या ठिकाणी पुन्हा भरायची. मधेच सर्व्हर बसला की पहिल्यापासून.

मला सरकारकडून नवा फळा नको. या नोंदी एकदाच भरल्या जातील आणि सगळीकडे पोचतील एवढं करा. कुठल्याही बऱ्या बँकेनं हे केव्हाच करून ठेवलंय, त्यात काही थोर संशोधन नाही. आणि त्यातून बाईंना दिवसाचा अर्धा तास मिळाला, तर तो दुसऱ्या कुठल्या ॲपला देऊ नका. तेवढ्या वेळात त्या २६ लिहिणाऱ्या मुलाला जवळ बोलावून विचारतील, ‘कसं काढलंस रे हे?’