फॅक्सची पोच पांढरी पडली तेव्हा

अब्बांचं छोटं कापडाचं दुकान होतं. नव्वदच्या दशकात एकदा विक्रीकराबाबत त्यांच्याकडे खुलासा मागितला गेला. मुदतीचा शेवटचा दिवस, कार्यालय जिल्ह्याच्या ठिकाणी, आणि एसटीने वेळेत पोहोचणं शक्य नव्हतं. चौकातल्या पिवळ्या पाटीच्या एसटीडी बूथवरून त्यांनी दोन पानांचा फॅक्स पाठवला. यंत्रातून ‘ओके’ छापलेली चिठ्ठी बाहेर आली, ती त्यांनी वहीत जपून ठेवली. दोन वर्षांनी पत्र आलं, की खुलासा मिळालेलाच नाही. अब्बांनी वही उघडली, तर चिठ्ठी कोरी पांढरी. थर्मल कागदावरची अक्षरं काही काळाने उडून जातात, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. दंड भरावा लागला. अब्बा एवढंच म्हणाले, ‘बेटा, कागद पाठवणं वेगळं आणि पाठवल्याचा पुरावा हाती असणं वेगळं.’

आज आपल्याकडे फॅक्स जवळजवळ संपला. अमेरिकेत मात्र धंद्यासाठी लागणाऱ्या कर-क्रमांकाचा अर्ज अजूनही फॅक्सने करता येतो. जपानमध्ये २०२१ साली मंत्री तारो कोनो यांनी सरकारी कार्यालयांतून फॅक्स हटवायचं ठरवलं, तेव्हा कार्यालयांनीच विरोध केला. आपण त्यांना हसतो. पण यंत्र जुनं की नवं, हा खरा प्रश्न नाही. पोच कोणाच्या हातात राहते, हा प्रश्न आहे.

आपल्या आयकराचंच बघा. विवरणपत्र ऑनलाइन भरलं म्हणजे काम संपलं असं पुष्कळांना वाटतं. पण त्याची पडताळणी झाली नाही, तर ते भरलेलंच धरत नाहीत. ही पडताळणी आधारच्या ओटीपीने होते, किंवा आयटीआर-व्ही नावाचा कागद सही करून टपालाने बंगळुरूला पाठवता येतो. त्यासाठी पूर्वी १२० दिवस मिळत. १ ऑगस्ट २०२२ पासून ३० दिवसच मिळतात. ओटीपी सोपा आहे, पण ज्याचा मोबाइल नंबर आधारला जोडलेला आहे त्याच्यासाठी. कामाच्या शोधात गाव आणि सिम दोन्ही बदलणाऱ्या माणसासाठी नाही.

‘आपल्या लोकांचं उत्पन्न करपात्रच नसतं, मग हे कशाला?’ असं मला नेहमी विचारलं जातं. उत्तर साधं आहे. ठेकेदारीवर काम घेणारे आपले रंगारी, वेल्डर, फॅब्रिकेशनवाले यांच्या बिलातून बऱ्याचदा १ टक्का टीडीएस कापला जातो. कर लागत नसेल तर तो पैसा परत मिळतो, पण विवरणपत्र भरलं तरच. पॅन आधारला जोडलेला नसेल, तर तो निष्क्रिय ठरतो. मग १ टक्क्याच्या जागी २० टक्के कापले जातात आणि परतावाही अडकतो. ३० जून २०२३ ची मुदत उलटून गेली, तरी हे माहीत नसलेली माणसं मला आजही भेटतात.

जोडणी अडते ती बहुधा नावावर. मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, म्हणून हे दुखणं रोज बघतो. उर्दूत एकाच पद्धतीने लिहिलं जाणारं ‘शेख’ इंग्रजीत चार तऱ्हांनी लिहिलं जातं. मोहम्मद कुठे पूर्ण, तर कुठे ‘मो.’ असतो. वडिलांचं नाव एका कागदावर मधे, तर दुसऱ्यावर शेवटी. बीबी, बी आणि बेगम यांचा घोळ वेगळाच. किरकोळ फरक ओटीपीने निभावतो. नाव फारच वेगळं असलं, तर आधी दुरुस्ती, मग जोडणी. त्यात मजुरी बुडते ती गरिबाची. चूक मात्र बहुतेक वेळा फॉर्म भरणाऱ्याची असते.

२०१९-२० च्या नागरिकत्वाच्या वादानंतर आपल्या घरांतल्या फायली जाड झाल्या. भीतीपोटी कागद जमवणं मी समजू शकतो. पण भीतीने जमवलेली फाइल आणि समजून ठेवलेली फाइल यांत फरक आहे. कुरआनातली सर्वांत लांब आयत, सूरह बकराची २८२ वी, देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आहे. लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावं आणि साक्षीदार असावेत, असं ती सांगते. म्हणजे नोंद ठेवणं हा आपल्याकडे धास्तीचा नव्हे, दीनचा भाग आहे.

सरकारकडे माझं मागणं दोन गोष्टींचं आहे. कागद पाठवल्याच्या तारखेला मान द्या, पोहोचायला लागलेला वेळ नागरिकाच्या माथी मारू नका. आणि पोच त्याला वाचता येईल अशा भाषेत द्या.

आपल्या लोकांकडेही मागणं आहे. एजंटला पैसे दिले की पोच क्रमांक मागून घ्या. त्याची प्रत काढा, मोबाइलमध्ये फोटो ठेवा. पोर्टलवर आपलाच नंबर द्या, एजंटचा नको. मुलाचं नाव शाळेत घालताना इंग्रजी स्पेलिंग एकदाच ठरवा आणि पुढे प्रत्येक कागदावर तेच लिहा.

दहावीच्या मुलांना मी पत्रलेखन शिकवतो. मायना, विषय, सही सगळं येतं त्यांना. गेल्या वर्षीपासून मी एक ओळ वाढवली आहे: पत्राची पोच कुठे ठेवलीस? अब्बांच्या वहीतली ती पांढरी चिठ्ठी मी अजून जपून ठेवली आहे. वर्गात ती दाखवली की वेगळं काही समजवावं लागत नाही.