घरे उभी राहिली, झोप परतली नाही



किल्लारीच्या भूकंपग्रस्तांचे पुनर्वसन नवी गावे वसताच पूर्ण झाले, हे गेल्या अंकातील लेखाचे प्रतिपादन पटण्याजोगे नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, गणेश विसर्जनाची रात्र सरता सरता, जाड दगड-मातीच्या भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या आणि सुमारे 8,000 जीव गेले. त्यामुळे वाचलेल्यांच्या मनात मृत्यू जोडला गेला तो घराशीच. नवी पक्की घरे मिळाल्यावरही कित्येक कुटुंबे अंगणातल्या पत्र्याखाली अंथरूण टाकत राहिली, ही निव्वळ सवय नव्हे. भीतीचा प्रसंग पुनःपुन्हा डोळ्यांपुढे येणे, झोप उडणे, लहानशा आवाजानेही दचकणे, अशी लक्षणे महिन्याहून अधिक टिकली आणि त्यांमुळे रोजचे जगणे अडू लागले, तर मनोविकारशास्त्र त्यास आघातोत्तर ताणविकार म्हणते. तो वर्षानुवर्षे राहू शकतो आणि स्मृतिदिन जवळ येताच उफाळतो. आपण वाचलो, लेकरे गेली, ही अपराधभावना तर कोणत्याच पंचनाम्यात नोंदली जात नाही.

देवनारच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने त्या काळी भूकंपग्रस्त भागात सर्वेक्षणाचे काम केले होते. त्या गावांतील आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या तेव्हाच्या मुलांचा मानसिक आरोग्याच्या दृष्टीने पाठपुरावा संस्थेने व शासनाने मिळून हाती घ्यावा. तोवर गरजूंनी 14416 या ‘टेली-मानस’च्या विनामूल्य क्रमांकावर जरूर बोलावे.

— एक वाचक, देवनार