जड क्वार्क कितपत जड?

शब्द निवडताना भाषांतरकाराला विज्ञानातील वादात नकळत बाजू घ्यावी लागते. दिल्लीत बसून मराठी पुस्तिका सिद्ध करताना ‘जड क्वार्क’ या दोन शब्दांनी प्रस्तुत लेखकास असेच थांबविले. मराठीत ‘जड’ म्हणजे वजनदार. परंतु सहजी न हलणारे, अचेतन, असाही त्याचा अर्थ आहे. हा दुसरा अर्थ या कणांना कितपत लागू पडतो, याचाच शोध गेली कित्येक वर्षे चालू आहे.

प्रोटॉन व न्यूट्रॉन हे क्वार्कांचे बनलेले असून ग्लुऑन नावाचे कण त्या क्वार्कांना बांधून ठेवतात. तापमान दोन लाख कोटी अंशांच्या आसपास, म्हणजे सूर्याच्या गाभ्याच्या लाखपटीहून अधिक झाले, की ही बंधने सुटतात आणि क्वार्क-ग्लुऑनांचा एक प्रवाही रस तयार होतो. जिनिव्हाजवळील सर्न या संस्थेत शिशाची अणुकेंद्रे परस्परांवर आदळवून अशी स्थिती निर्माण करतात. ती इतका सूक्ष्म काळ टिकते की तीत कोणताही तापमापक बुडविता येत नाही. म्हणून आघाताच्या आरंभीच जन्मलेल्या आणि पुढील सर्व घडामोडींतून पार पडलेल्या जड क्वार्कांनाच साक्षीस बोलवावे लागते. त्यांपैकी ‘चार्म’ हा प्रोटॉनाहून सुमारे एकतृतीयांशाने जड, तर ‘बॉटम’ सुमारे साडेचारपट जड असतो.

पुरात पाचोळा वाहून जातो, पण धोंडा जागचा हलत नाही. तद्वत हे क्वार्कही फारसे हलणार नाहीत, असे वाटणे स्वाभाविक होते. प्रत्यक्षात प्रथम अमेरिकेतील ब्रुकहेवन येथे, आणि पुढे 2013 साली सर्नच्या ‘ॲलिस’ प्रयोगात, चार्म क्वार्क असलेले कण हलक्या कणांच्या बरोबरीने प्रवाहात ओढले गेल्याचे दिसून आले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2012 साली संगणकावर अवकाश-काळाची जाळी कल्पून हे गणित केले. भोवतालच्या ग्लुऑनांचे धक्के जड क्वार्काला सोप्या, आसन्न गणिताच्या अंदाजापेक्षा पुष्कळच अधिक जाणवतात, असे त्यातून निघाले. धोंडा वाहतो, याचा अर्थ पाणी आपण समजत होतो त्याहून दाट आहे.

दुसरा अडचणीचा शब्द ‘वितळणे’. चार्म आणि त्याचा प्रतिक्वार्क यांच्या जोडीस ‘जे-साय’ म्हणतात. तप्त रसातील इतर कण मध्ये आल्याने या जोडीतील आकर्षण झाकले जाईल आणि ती मोडेल, असे भाकीत मात्सुई आणि सात्झ यांनी 1986 साली केले. या न्यायाने आघाताची ऊर्जा वाढली की जोड्या अधिकच घटावयास हव्या होत्या. परंतु ब्रुकहेवनच्या दहापटीहून अधिक ऊर्जा असूनही ‘ॲलिस’मध्ये ही घट कमी आढळली, असे 2012 साली प्रसिद्ध झाले. याचा आज मान्य असलेला उलगडा असा, की तेथे चार्म क्वार्क इतके मुबलक जन्मतात की ताटातूट झालेल्यांना अखेरीस नवे जोडीदार भेटतात. बॉटम क्वार्क विरळ. त्यांच्यात असे पुनर्मीलन क्वचितच घडते. दिल्ली विद्यापीठ आणि टाटा संस्था ज्यात सहभागी आहेत, त्या सर्नच्या ‘सीएमएस’ प्रयोगात 2012 साली असे दिसले, की बॉटमच्या घट्ट जोडीचे अपेक्षेच्या निम्म्याहून थोडे अधिक कण उरले, तर सैल जोडीचे सुमारे अष्टमांशच.

असे विषय शाळेपर्यंत नेऊ नयेत, निष्कर्ष पक्के झाल्यावर पाहू, असे काही शिक्षकांचे मत असते. ते आम्हांस मान्य नाही. पाठ्यपुस्तकांतून विद्यार्थ्याला पक्के झालेले विज्ञानच भेटते. भाकीत कोठे तोकडे पडले आणि ते कसे सुधारले, हे तेथे सहसा दिसत नाही. या विषयात मात्र ते डोळ्यांदेखत दिसते. शिवाय हा विषय परका नाही. ‘ॲलिस’च्या ज्या यंत्रणेने जे-साय मोजले, तीत कोलकात्याच्या साहा संस्थेत आखलेली ‘मानस’ नावाची चिप बसविलेली होती. 2017 पासून भारत सर्नचा सहयोगी सदस्य आहे. परंतु आपण यंत्राचा भाग घडविला, एवढ्या अभिमानावर थांबणे पुरेसे नाही. त्या यंत्राने काय सांगितले, हे आपल्या मुलांना आपल्या भाषेत कळले पाहिजे.

तेव्हा ‘जड’ हा शब्द आम्ही ठेवू, कारण तो विचार करावयास लावतो. मात्र येथे तो वजनापुरताच घ्यावा, असेही सांगू. ‘वितळणे’ मात्र टाळून ‘जोडी सुटणे’ असे म्हणू. कारण सुटलेली जोडी पुन्हा जुळू शकते. प्रयोगाने जेवढे सांगितले तेवढेच शब्दाने सांगावे, ही भाषांतरकाराची जबाबदारी आहे. आणि विद्यार्थ्याला लावण्याजोगी ती एक उत्तम सवयही आहे.